डाव्या बाजूचा गालिचा

“ताटाजवळ ते लक्तर कशाला आणलंस सुकू? उचल आधी,” अव्वा म्हणाल्या.

“लक्तर नाही अव्वा, गालिचा आहे. ओरिजनल.” सुकुमारनं ते तळहाताएवढं चिंधूक मिठाच्या वाटीशेजारून उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. दिवस मावळायच्या आत जेवायची आमच्या घरची रीत. कलतं ऊन तिघांच्याही भातावर पडलं होतं आणि त्या चिंधीवरही. “प्रभा, रंग कुठला म्हणायचा गं हा?”

“डाळिंबी.”

“नुसता डाळिंबी?”

“डाळिंब फोडून फडताळात विसरलं की होतो तसला.”

त्यानं मान डोलावली. भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस, पण रंगाच्या बाबतीत त्याला माझ्याशिवाय कुणाचा आधार नव्हता. मग तो आईकडं वळला. “अव्वा, तू सांग. तू तर कायम अण्णांच्या शेजारच्या सीटवर. खाली हाच रंग होता ना?”

“मी खाली कधी बघितलंच नाही,” अव्वा म्हणाल्या आणि ताक ओतून घेतलं.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई, राजमती बिरनाळे. आज त्या नाहीत. गाडी आहे, आणि तिच्या डाव्या बाजूला खाली तो गालिचाही आहे. तो तिथं कसा आला हे सांगायला आता सुकुमार आणि मी दोघंच उरलो आहोत. सुकुमारला ते अजून नीट सांगता येत नाही, मध्येच हसू येतं नाहीतर चष्मा पुसत बसतो. म्हणून मी सांगते.

गाडी माझ्या सासऱ्यांची. डुक्कर फियाट. पुढून बघितलं की खरंच एखादं गुबगुबीत डुक्कर उकिरडा हुंगत उभं आहे असं वाटायचं. मिरजेचे एक डॉक्टर गाव सोडून जाताना ती अण्णांना देऊन गेले. अण्णांच्या आयुष्यातली ती एकच चैन. एरवी नेमगोंडा बिरनाळे म्हणजे वजन-मापे निरीक्षक, आणि सांगलीच्या पेठेत त्यांचं नाव निघालं की काट्याच्या पारड्यांनी आपापल्या जागी सरळ व्हावं असा माणूस. दुकानात तपासणीला गेले तर पाणीसुद्धा प्यायचे नाहीत, घरून फिरकीचा तांब्या न्यायचे. माझ्या लग्नात आलेले पेढ्यांचे पुडे त्यांनी मांडवातच तोलून बघितले होते आणि एका पुड्याच्या मालकाला, जो माझा सख्खा मामा होता, बाजूला घेऊन समज दिली होती.

अण्णा गेले आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. बरीच वर्षं तशीच होती. मग त्या साली सुकुमारच्या मनात आलं, गाडी पुन्हा उभी करायची. दरवर्षी दशलक्षण पर्व संपून क्षमावणी, म्हणजे सगळ्यांची क्षमा मागायचा दिवस, झाली की अण्णा अव्वांना त्या गाडीतून बाहुबलीच्या डोंगरावर दर्शनाला न्यायचे. तसंच आपणही न्यायचं. अव्वांचे गुडघे आता एसटीला दाद देत नव्हते आणि भाड्याच्या गाडीत त्यांना मळमळायचं.

“अव्वा, अण्णांच्या गाडीतून बाहुबलीला जायचं का?” त्यानं विचारलं होतं.

“बघू,” अव्वा म्हणाल्या होत्या.

त्या एका ‘बघू’वर सुकुमारनं सगळा डोलारा उभा केला. त्याचा अर्थ त्यानं असा लावला की गाडी होती तश्शी झाली पाहिजे, तसूभरही फरक नको, तरच आई बसेल. इंजिन झालं, पत्रा झाला, फिकट पिस्त्याचा रंग झाला. सीटचं रेक्झिन दस्तगीर नदाफांनी इतकं हुबेहूब बसवलं की अव्वा स्वतः येऊन हात फिरवून गेल्या. पण दार उघडून आत बसा म्हटलं की, “गालिचा होऊ दे ना आधी,” असं म्हणून परत फिरायच्या. आणि गालिचा तेवढा मिळत नव्हता.

चिंधी सापडली होती डाव्या सीटच्या लोखंडी पट्टीखाली, बोल्टात अडकलेली.

“सर, ह्यो कंपनीचा माल न्हवं,” नदाफ मिस्त्री म्हणाले. आमच्या अंगणात गाडीचं दार उघडं टाकून ते पुठ्ठ्यावर खालच्या जागेचा साचा कापत होते. तोंडात तंबाखू, कानावर पेन्सिल. “काठ बघा. हातानं दुमडून टीप घातलीय. आन् डायवरच्या बाजूला बघा, निस्ता काथ्या. दोन बाजूला दोन जातीचं कंपनी कशाला घालंल?”

“ड्रायव्हरकडचा झिजला असेल. मग अण्णांनी काथ्या टाकला.”

“मग ह्यो का झिजला न्हाई? पाय ठेवल्यालं कापड असं ऱ्हातंय व्हय? हे बघा, लोकर अजून उभी हाय. मला इचाराल तर आगगाडीच्या फस्क्लासचा माल हाय ह्यो.” मिस्त्रींना जुन्या वस्तूत आगगाडीचा फर्स्टक्लास दिसायचाच. आमच्या घड्याळाबद्दलही त्यांचं तेच मत होतं.

“झिजेल कसा?” सुकुमार हसला. “अव्वा कधी पाय खाली सोडायचीच नाही. सीटवर मांडी घालून बसायची, चपला पिशवीत घालून मांडीवर. वळण आलं की अशी कलंडायची. आम्ही मागं बसून हसायचो. अण्णा दर वेळी म्हणायचे, अगं पाय खाली सोड की. ही म्हणायची, अशीच बरी.”

“आन् सायब?”

“अण्णा काय, गप्प गाडी चालवायचे. रविवारी तेवढा बुरूस घेऊन तो गालिचा झाडायचे. धूळ नसायचीच, तरी झाडायचे.”

अव्वा ओसरीच्या कोपऱ्यात सूप घेऊन गहू निवडत होत्या. त्यांना ऐकू गेलं असणार. पण त्या गव्हाशी बोलाव्यात तशा हलक्या आवाजात आपली ओवी म्हणत होत्या. ही ओवी मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते:

तापल्या वाटंवर पाय पोळतो चालता
भरतार हौशी माझा फुलं टाकितो येता-जाता

एवढंच. माझ्या माहेरी नांदणीला बायका एकीला दुसरी ओवी जोडत दळण संपवायच्या. अव्वा ह्या एका ओवीशी थांबायच्या, सूप झटकायच्या, आणि परत पहिल्यापासून. मी एकदा विचारलं होतं, पुढची नाही का? म्हणाल्या होत्या, पुढची आहे, पण ती म्हणायची नसते.

गालिच्याचा शोध सुरू झाला आणि आमच्या घरातली शांती गेली. सुकुमारनं ती चिंधी चष्म्याच्या घरात घातली आणि ते घर कायम खिशात. चष्मा उघडाच फिरायचा. पुण्याहून नमुने मागवले, ते आले ते सगळे तपकिरी. एका दुकानदारानं फोनवर सांगितलं, “डाळिंबी म्हणजे मरून, सर, सगळं एकच,” त्या दिवसापासून सुकुमारनं त्याचा फोन घेतला नाही.

“मुंबईला चोरबाजारात मिळेल असं म्हणतात,” एकदा तो म्हणाला.

“चोरबाजारातलं काही त्या गाडीत घालायचं नाही,” अव्वा आतून म्हणाल्या.

“अगं, नाव आहे ते नुसतं.”

“नावसुद्धा नको.”

त्यांचा आवाज एवढा धारदार मी फारसा ऐकला नव्हता. सुकुमारनं मुंबईचा नाद सोडला.

कुपवाडला माझ्या चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. अक्षता पडल्या, लोक भेटायला स्टेजवर चढू लागले, आणि बघते तर सुकुमार नवरीच्या पायाशी गुडघे टेकून बसलेला. तिथल्या गालिच्याचा कोपरा त्यानं उचलला होता आणि चष्म्याच्या घरातली चिंधी त्यावर लावून बघत होता.

“काय ओ पावणं, काय पडलं का?” नवऱ्याकडच्या एका मिशाळ गृहस्थांनी विचारलं.

“नाही, रंग बघतोय.”

“नवरीचा?”

“गालिच्याचा.”

त्या गृहस्थांनी त्याला वरून खालपर्यंत बघितलं. “डेकोरेशनवालं का तुम्ही? मग तिकडं पंखं बंद पडल्यात दोन, ते बघा आधी.”

सुकुमारनं जाऊन पंखे बघितले. एक सुरूही केला. परत आला तर म्हणाला, “थोडा भगव्याकडं झुकतोय गं.” मला क्षणभर कळेना की पंखा का गालिचा.

दशलक्षण सुरू झालं तरी गाडी तशीच उभी. अव्वांचं एकभुक्त चालू होतं, सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन यायच्या. सुकुमारचं तोंड दिवसेंदिवस उतरत चाललं होतं. क्षमावणी तोंडावर आली होती, आणि ह्या साली नाही तर कधी, हा प्रश्न आम्ही दोघंही मोठ्यानं विचारत नव्हतो. अव्वा जिना चढताना आता प्रत्येक पायरीवर थांबत होत्या.

अशात एका सकाळी नदाफ मिस्त्री स्कूटरवरून आले, स्कूटर बंदही न करता फाटकातूनच ओरडले. “सर, चला. आवटी टॉकीज मोडायला काढलीय. खुर्च्या इकायला लागल्यात. मी खुर्च्या बघाय गेलतो. बाल्कनीच्या जिन्यावर तुमचा रंग हाय.”

मला बाजारात जायचं होतं, म्हणून मीही निघाले. खरं सांगायचं तर बाजारात दुपारी गेले असते तरी चाललं असतं.

टॉकीजच्या दारावरचे जुने फोटो काढून भिंतीला टेकवून ठेवले होते. बसवराज आवटी, म्हणजे मालक, बुकिंगच्या खिडकीच्या आतल्या बाजूला स्टुलावर बसून चहा पीत होते. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, बोलका माणूस. “या सर. वर जावा. पितळी दांड्या सोडून काय पायजे ते घ्या. फकस्त टप्प्यावरचा गालिचा जरा बाद हाय, सांगून ठेवतो.”

जिन्यावर उजेड कमी होता. सुकुमार तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसला, चष्म्याचं घर उघडलं आणि चिंधी कडेच्या लोकरीवर ठेवली. चिंधी दिसेनाशी झाली. त्यानं बोट लावून ती शोधली, उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा दिसेनाशी झाली. लहान मुलाला पाण्यात खडीसाखर टाकून दाखवावी तसा तो ते परत परत करत होता.

“प्रभा,” तो म्हणाला, “हाच.”

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला वाटलं, बाजार राहिला तो बरा राहिला.

“पायऱ्यांवरची पट्टी अरुंद हाय सर,” मिस्त्री म्हणाले. “रुंद तुकडा टप्प्यावरच गावंल. बाद म्हणत्यात, पर बघू तरी.” जिना मध्ये वळतो तिथल्या चौकात एक भलीमोठी सिमेंटची कुंडी होती. आत झाड म्हणायला एक वाळकी काठी. दोघांनी मिळून कुंडी सरकवली.

खाली गालिच्याला भोक होतं.

फाटलेलं नव्हे, कापलेलं. सरळ रेषेत, काठ कुठं तुसाएवढासुद्धा वाकडा नाही. वर एका बाजूला गोलाई, मधल्या अंगाला एक तिरका छेद, आणि खालच्या कोपऱ्यात चौकोनी खाच. मी बघितलं आणि मला वाटलं, हा आकार आपण कुठंतरी बघितलाय. मिस्त्रींनी बघितलं आणि ते खाली गेले, स्कूटरच्या पुढच्या जागेत गुंडाळून ठेवलेला पुठ्ठ्याचा साचा घेऊन आले, आणि भोकावर ठेवला.

साचा आत बसला. चारी बाजूंनी. पेटीला झाकण बसावं तसा.

बाहेर रिक्षा गेली, तिचा आवाज जिन्यात घुमला.

“दुसऱ्या कुणाची तरी फियाट असेल,” सुकुमार म्हणाला.

“असंल की,” मिस्त्री म्हणाले. मग माणूस प्रामाणिक, राहवेना त्यांना. “पर सर, ही खाच हाय न्हवं, ती कंपनीत नसतीया. आपल्या गाडीला सीटची पट्टी डॉक्टरानं मागं सरकवून घेतलीया, म्हणून खाच. ती दुसऱ्या गाडीत न्हाई.”

एवढ्यात आवटी चहाचा कप हातात घेऊनच वर आले. त्यांनी सरकवलेली कुंडी बघितली, साचा बघितला, सुकुमारकडं बघितलं.

“तुम्ही बिरनाळे इन्स्पेक्टरसायबांचं का कोण?”

“मुलगा.”

“अरारा.” त्यांनी कप कठड्यावर ठेवला. “मग सांगाय पायजे होतं की आधी. मी कुंडीला हात लावू दिला नसता.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय न्हाई. वडील सांगायचे. सायब एकदा दुपारच्या खेळाला आले. सिनेमा कधी न बघणारा माणूस, उन्हाळ्यात कोट घालून आला. इंटरवलच्या आधीच बाहेर पडले. वडील दारात उभे. येताना सायब काठीसारखे, आणि जाताना,” त्यांनी स्वतःच्या पोटासमोर हात धरला, “माझ्यासारखे. वडलांनी नमस्कार केला. सायबांनी केला न्हाई. करणार कसा, दोन्ही हात कोटावर.”

मिस्त्रींनी तोंड भिंतीकडं केलं. त्यांचे खांदे हलत होते. मलाही हसू आलं असतं, पण सुकुमार पायरीवर खाली बसला होता, आणि हातातलं चष्म्याचं घर उघडं-बंद करत होता.

“मग तुमच्या वडलांनी काही…?”

“वडलांनी कुंडी ठेवली,” आवटी म्हणाले. “त्याच दिवशी न्हाई, मागनं. आन् आम्हाला दम दिला. म्हणाले, ह्या पेठेत एवढा एक माणूस सरळ हाय, त्याचं काय हितं सांडलंय हे कुणाला दिसायचं न्हाई.”

अंगणात आल्यावर सुकुमारनं शेडमधली ताडपत्री ओढली आणि गाडीवर घातली. पिस्त्याचा नवा रंग झाकला गेला.

“अव्वाला कळता कामा नये,” तो मला म्हणाला. “आयुष्यभर तिनं ह्या माणसाच्या नावावर मान ताठ ठेवली. आज मी जाऊन सांगू, की अण्णा कोटाखाली…” त्यानं ताडपत्रीची दोरी ओढली. “गाडी विकून टाकू.”

अव्वा दारात उभ्या होत्या. बस्तीतून येऊन नुकतंच पाणी घेतलं होतं, पदर अजून डोक्यावर होता.

“मिळाला का रे गालिचा?”

“नाही अव्वा.”

“कुठं गेला होतास?”

“बाजारात. असाच.”

अव्वांनी ताडपत्रीकडं बघितलं, मग त्याच्याकडं, मग माझ्याकडं.

“टप्प्यावरची कुंडी हलवली का?” त्यांनी विचारलं.

सुकुमारच्या हातून ताडपत्रीची दोरी सुटली.

अव्वा आत गेल्या. आम्ही मागोमाग. त्यांनी मला पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली. वरची नेसूची लुगडी काढली, त्याखालचा शालू काढला, आणि त्याखालून कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यासकट एक घडी बाहेर काढून पलंगावर उलगडली. वर गोलाई, मध्ये तिरका छेद, कोपऱ्यात खाच. खाचेपाशी तळहाताएवढा तुकडा फाटून गेलेला. डाळिंबी. पण सुकुमारच्या चिंधीसारखा नाही, टॉकीजच्या जिन्यासारखाही नाही. आताच फोडलेलं डाळिंब असावं तसा.

“हे गेल्यावर मीच काढला. पट्टीखाली अडकला होता, ओढताना तेवढा फाटला,” त्या म्हणाल्या. “वाळवी लागली असती.”

“अव्वा, आम्ही महिनोन् महिने…” सुकुमार म्हणाला. “कुपवाडला मी पंखे दुरुस्त केले.”

“तू गालिचा शोधत होतास. मला कुठं विचारलंस, गालिचा कुठाय? रंग कुठला तेवढं विचारलंस.”

मग त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि सांगू लागल्या, गव्हातले खडे काढावे तसं एकेक वेचून.

त्या गाडीच्या डाव्या बाजूला पायाखालचा पत्रा तापायचा. खालून धुराचा पाइप जायचा. बाहुबलीला अनवाणी डोंगर चढून-उतरून आलं की पाय आधीच सोलवटलेले, त्यात तो पत्रा. एकदा फोड आले. अण्णा काही बोलले नाहीत. बोलायची सवयच नव्हती त्यांना. पण मग काहीतरी मऊ, जाडजूड शोधत राहिले. सांगलीत तसलं मिळेना. आवटींच्या कँटीनमध्ये मापं तपासायला गेले तेव्हा जिन्यावर तो गालिचा दिसला.

“आवटींना विचारलं, कुठनं आणला. एवढंच विचारलं हं. तर ते लगेच म्हणाले, सायब, उद्या घरी पोचवतो की. हे तसेच घरी आले, कानापर्यंत लाल होऊन. मला म्हणाले, विचारलं ते चुकलं. मी विचारायचं म्हणजे मागायचंच झालं, आणि मी मागायचं म्हणजे लाच.”

“म्हणून चोरी केली?” सुकुमार म्हणाला.

“लाच नाही घेतली त्यांनी,” अव्वा जरा ठसक्यात म्हणाल्या.

एका दुपारी गाडीत गालिचा दिसला. काठ त्यांनीच रात्री बसून शिवला होता, सुई बोटात गेलेली लपवत होते. कुठून आणला, ते अण्णा बोलले नाहीत, अव्वांनी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात शेजारणींनी ओढून अव्वांना एका देवाधर्माच्या सिनेमाला नेलं. जिन्याच्या टप्प्यावर मोकळी फरशी होती, तीच गोलाई, तीच खाच. पुढं तिथं कुंडी आली, तेही शेजारणींकडून कळलं. देवाचा सिनेमा त्यांना दिसलाच नाही. दुसऱ्या दिवशी बस्तीत जाऊन त्यांनी नेम घेतला: दुसऱ्याच्या वस्तूवर पाय ठेवायचा नाही.

“मांडी,” सुकुमार हळूच म्हणाला.

“मग काय करणार? पाय कुठं ठेवू? डोक्यावर?”

“पण अण्णांना सांगायचं ना एकदा.”

अव्वांनी त्या तुकड्यावरून उलटा हात फिरवला. “जन्मात एक चोरी केली रे त्यांनी. तीसुद्धा माझ्या पायांसाठी. ती मीच पकडायची?”

आणि मग, मला वाटतं आमच्याकडं न बघताच, त्यांनी ती म्हणायची नसलेली ओवी म्हटली:

फुलं टाकितो भरतार, नाही ठेवीत पाऊल
परक्या मळ्याची ती फुलं, नको लागाया चाहूल

खोलीत कडुलिंबाचा वास भरून राहिला होता. सुकुमारनं चष्म्याच्या घरातली चिंधी काढली आणि त्या खाचेपाशी लावली. नीट बसली.

“आता टॉकीजच पाडणार म्हणतात,” अव्वा म्हणाल्या. “मग परत ठेवायला जागासुद्धा उरायची नाही. मला न्या तिकडं.”

क्षमावणीच्या दिवशी सकाळी बस्तीत सगळे एकमेकांना भेटून झाल्यावर आम्ही अव्वांना रिक्षानं आवटी टॉकीजला नेलं. त्या जिना चढल्या, पायरी-पायरीवर थांबत, पण माझा हात न घेता. नदाफ मिस्त्री आधीच येऊन उभे होते; त्यांनी कुंडी पार बाजूला नेली होती आणि फरशी पुसली होती. अव्वा खाली वाकल्या आणि तो तुकडा त्या भोकात बसवला. भोवती लोकांनी तुडवून तुडवून विटलेला जिना, आणि मधोमध तो तेवढा ताजा. जिन्याला कुंकू लावल्यासारखा.

त्यांनी आवटींपुढं हात जोडले. “जाणता-अजाणता आमच्याकडून काही…” त्या थांबल्या. दरवर्षीचं पाठ वाक्य, पण थांबल्या. “अजाणता नाही. जाणूनच. त्यांनीही आणि मीही. क्षमा असावी.”

आवटींना असल्या वेळी काय म्हणायचं असतं ते माहीत नव्हतं. त्यांनी घाईघाईनं हात जोडले, कपाळाचा घाम पुसला. “आजी, आमचं तरी काय ओ. कँटीनमध्ये शेंगदाण्याचं माप होतं, त्याला आतनं दुसरा तळ होता. सायब त्यानंतर तपासणीला परत आलेच न्हाईत. दोन-चार वर्षं वाट बघितली वडलांनी. मग आपणच तळ काढून टाकला. म्हणाले, धरायला कुणी येत न्हाई म्हटल्यावर खोटं माप ठिवून जीव लागंना.”

अव्वा हसल्या. त्या वर्षात मी त्यांना तोंडाला पदर न लावता हसताना तेव्हाच बघितलं.

“मग झालं?” त्या म्हणाल्या. “तुमची वस्तू तुमच्याकडं आली?”

“आली की.”

“आता विकत देणार का?”

“विकत कशाला? घिऊन जावा.”

“तसं नाही चालायचं,” अव्वा म्हणाल्या आणि पिशवीतून अण्णांचं पितळी मापटं काढलं. सरकारी शिक्का असलेलं, अण्णांनी घरच्या तांदळासाठी वापरलेलं, त्या सकाळी चिंचेनं घासून लख्ख केलेलं. म्हणजे घरून निघतानाच त्यांनी सगळा व्यवहार ठरवला होता. “हे घ्या. ह्याला एकच तळ आहे.”

आवटींनी ते दोन्ही हातांत घेतलं आणि उगाचच आत डोकावून बघितलं.

“सर,” मिस्त्री माझ्या नवऱ्याच्या कानाशी लागले, “पायऱ्यांवरचा जोडून डायवरच्या बाजूला पण बसवू का? सेट व्हईल.”

“नको,” अव्वा म्हणाल्या. त्यांचे कान फार तिखट होते. “तिथं काथ्याच असू दे. होती तशी ठेवायची म्हणालाय ना तो?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी मागं बसले. सुकुमारनं दार उघडून धरलं. अव्वा आत शिरल्या, चपला काढल्या, पिशवीत घातल्या, पिशवी मांडीवर घेतली. आणि सवयीनं पाय वर घेऊन मांडी घालून बसल्या.

सुकुमारनं माझ्याकडं आरशातून बघितलं. मी मान हलवली, काही बोलू नको म्हणून. गाडी खोकली, घुरघुरली, निघाली. वळणावर अव्वा थोड्या कलंडल्या आणि परत सरळ झाल्या. अंकलीच्या पुलावर आलो. कृष्णेवर ऊन सांडलं होतं, खाली कुणीतरी म्हशी धूत होतं. मला पाठीमागून नुसता त्यांचा पांढरा अंबाडा दिसत होता आणि पदराचा काठ.

पूल संपता संपता त्यांनी पिशवी सीटवर ठेवली. एक पाय खाली सोडला. थांबल्या. मग दुसरा सोडला. उन्हाळी पाण्यात उतरताना बायका सोडतात तसे, आधी बोटं, मग टाच.

जयसिंगपूर मागं गेलं, उसाचे फड सुरू झाले.

“मऊ आहे,” त्या म्हणाल्या.

सुकुमारला म्हणाल्या नाहीत, मलाही नाही. सुकुमारनं गाडी जरा हळू केली.